दोन टाचण्यांचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे आणि फार मत्सरी आहे. दुसरी गोष्ट पुढे तुमच्या ध्यानात आलीच असती, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.

माझा जन्म एका सरकारी छापखान्यात झाला. या शहराची एकेक गल्ली, एकेक बोळ माझ्या अंगावर उतरला. पाठीला जाड कापड लागलं, वर-खाली लाकडी दांडे बसले आणि मला पोलिसांच्या एका खोलीत टांगलं. त्या खोलीत लोकांच्या संशयाच्या तक्रारी येत. कोणी शाळेभोवती घुटमळतो, कोणाकडे अवेळी खोकी उतरतात, कोणी पुलाचे फोटो काढतो. यातला खरा धोका कुठला आणि नुसती कुजबुज कुठली, हे ठरवायचं काम आमच्या ताईंचं. त्यांच्याकडे काठी नव्हती, शिट्टी नव्हती. टाचण्यांची डबी आणि दोऱ्याचं रीळ, एवढीच त्यांची हत्यारं.

ताईंची एक रीत होती. इतर लोक जिथे काही घडलं तिथे एक टाचणी लावतात. ताई दोन लावत. घडलं तिथे लाल, आणि ज्याने जिथून कळवलं तिथे पांढरी. मग दोन्हींच्या मध्ये दोरा.

साहेब म्हणायचे, "तक्रार करणाऱ्याला कशाला टोचता? त्याने काय घोडं मारलंय?"

"बघणारा कुठे उभा आहे ते कळलं, साहेब, की त्याला काय दिसलं असेल ते कळतं."

आणि खरंच कळे. दोरा समोरच्याच खिडकीतून आलेला असला, की बहुतेक वेळा शेजाऱ्याने नवी गाडी घेतलेली असायची. पण एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांचे दोरे चहूबाजूंनी एका जागी येऊन मिळाले, की ताई चहा तसाच टाकून उठत. एकदा असेच दोरे एका बंद गोदामाशी मिळाले आणि तिथे हत्यारांचा साठा सापडला. वरचे अधिकारी आले, माझ्यासमोर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. कागदाला मांस नसतं, तरी चढलं.

मग संगणकाचा मोठा पडदा आला.

माझी भिंत त्याला दिली आणि मला दाराआड सरकवलं. त्याला उकडू नये म्हणून गार हवेचं यंत्र बसवलं. मी इतकी वर्षं भिंतीची ओल पीत उभा होतो, मला कधी कोणी 'बाबा रे, सर्दी झाली का' म्हणूनही विचारलं नाही. तो दिवसभर बसून उजेड पाडी आणि लोक खुर्च्या ओढून त्याच्याभोवती बसत. ज्या भागातून जास्त तक्रारी येत, तिथे तो लाल होई. केवढं कौतुक त्याचं. अहो, लाल व्हायला काय लागतं? दाराआड मीही होतच होतो.

सगळ्यांत झोंबलं ते वेगळंच. ताईसुद्धा त्याच्याकडे बघून हसायच्या. माझ्या अंगावर टाचणी लावताना त्या कधी हसल्याचं मला आठवत नाही. तोंडात टाचण्या असायच्या म्हणून असेल, पण मन मानत नाही.

एके दिवशी तो एका जागी लालभडक झाला. जुने फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं ते. दहा-बारा तक्रारी एकाच दुकानावर. गॅसचे सिलिंडर येतात, शटर अर्धं खाली असतं, अनोळखी माणसं ये-जा करतात, आत नक्की काहीतरी स्फोटक शिजतंय.

"उद्या पहाटे दार तोडायचं," साहेब म्हणाले.

"दार तुटलं की त्या माणसाचं नावही गेलं, साहेब," ताई म्हणाल्या. "नंतर तो निर्दोष ठरला तरी त्याच्याकडे कोणी फ्रीज नेणार नाही."

"आणि उडालं काही तर? उत्तर तुम्ही देणार?"

"देईन. मला आजची दुपार द्या."

"दिली. संध्याकाळ मागू नका."

ताई पडद्याकडे पाठ फिरवून माझ्याकडे आल्या. मित्रांनो, त्या पाठीचं मी काय वर्णन करू. दुकानावर लाल टाचणी बसली आणि पांढऱ्या भराभर उतरू लागल्या. एक इथे, दुसरी तिच्या शेजारी, तिसरी मागच्या घरात, चौथी त्या घराच्या सासुरवाडीत. दोऱ्यांची एक जाड वेणीच एका कोपऱ्यातून निघाली होती. ताईंनी दोन-चार फोन केले आणि उलगडा झाला. त्या कोपऱ्यात दुकानदाराच्या थोरल्या भावाचं घर आणि खाली दुरुस्तीचंच दुकान होतं. धाकटा वेगळा झाला, गिऱ्हाइकं त्याच्या मागे गेली, आणि थोरला, भावजय, मेहुणा, साडू असे सगळे फोनला बसले.

"हा संशय नाही, साहेब. ही भाऊबंदकी आहे."

साहेब हसले. "मग सोडून द्या. माझ्याही घरी आहे ती."

"एक दोरा मात्र वेगळा आहे."

तो टपाल कचेरीतून आला होता. दुकानाच्या बोळात पत्रं वाटणाऱ्या बाईने कळवलं होतं, की दुकानाला कुलूप असताना एक माणूस किल्ली लावून मागच्या दाराने आत जातो. काल कॅन घेऊन गेला आणि मोकळ्या हाताने बाहेर आला. सगळ्यांनी तो दुकानदाराचा साथीदार धरला होता. पडदाही त्या तक्रारीने आणखी लाल झाला होता. ताईंनी बाईला फोन लावला.

"माणूस कसा होता हो दिसायला?"

"दुकानदारासारखाच. मी त्यालाच हाक मारली. वळला तर केस पांढरे. मला बघून तोंड फिरवलं की हो त्याने."

"आणि कॅनमध्ये काय होतं?"

"पेट्रोल. मी रोज गाडीत भरते, मला वास कळत नाही होय?"

ताईंनी फोन ठेवला. "धोका त्या दुकानातून नाही, साहेब. त्या दुकानाला आहे. तक्रारी करून दुकान बंद पडेना, म्हणून आता हे."

मला नवल वाटलं नाही. जळणाऱ्याची पहिली पायरी चहाडी. दुसरी कुठली, ते मला विचारा. छतातलं पाणी नेमकं पडद्याच्या डोक्यावर गळावं, असं मला दर पावसाळ्यात वाटे. फरक इतकाच, की मला हात नाहीत.

दार तुटलं नाही. साहेबांनी संध्याकाळी जाऊन रीतसर कडी वाजवली. मोडक्या फ्रीजच्या मागे, सिलिंडरच्या शेजारी, पेट्रोलचे कॅन सापडले. थोरल्याला बोलावलं तर म्हणाला, गंज काढायला ठेवले होते. गुन्हा घडलाच नव्हता, मग धरणार कशात? साहेबांनी कडक समज दिली आणि बोळात पहारा बसवला. वर अहवाल गेला, की नव्या पडद्यामुळे अनर्थ टळला. माझं नाव त्यात असणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी तो वाचून होईपर्यंत मी कान देऊन ऐकलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा जबाबावर सही करायला आला. तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर फुटू द्यायचं नसतं, म्हणून ताईंनी आधीच माझ्या सगळ्या टाचण्या उपटल्या होत्या. नुसती भोकं राहिली होती. सही करून तो माझ्यासमोर थांबला आणि त्याचं बोट सरळ त्या कोपऱ्यावर गेलं.

"हे आमचं जुनं घर. इथे दादा राहतो. मी वेगळा झालो तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. पण साहेबांकडून कळलं, मी नसताना येतो म्हणे दुकानात. गंज काढायला सामान आणून ठेवतो. काळजी असतेच ना, ताई. रक्त आहे."

ताईंनी टाचण्यांची डबी उघडली आणि परत मिटली. "मागच्या दाराची किल्ली त्यांना तुम्हीच दिली होती?"

"दुकान उघडलं तेव्हा पहिली किल्ली दादाच्या पायाशी ठेवली."

"कुलूप बदला. आजच. आणि आत पेट्रोल ठेवायचं नाही, कोणीही आणलं तरी. मी बघायला येणार आहे."

"बदलतो की. नव्या कुलपाची किल्ली दादाला नेऊन देतो, त्या निमित्ताने बोलणं तरी होईल."

"किल्ली देऊ नका," ताई हळूच म्हणाल्या. "बोलायला नुसते जा."

त्याला ते विचित्र वाटलं असावं. पण मान हलवून तो गेला. बोट उचलताना त्याने ती जागा अंगठ्याने जराशी पुसलीही.

मित्रांनो, मी आयुष्यभर पुष्कळांचा हेवा केला. पण त्या दिवशी मला त्या धाकट्याचा वाटला, तसा कोणाचा वाटला नव्हता. भोकांनी चाळण झालेल्या जागेवर बोट ठेवून त्याला फक्त घर दिसलं. मला ते जन्मात जमायचं नाही.

तुम्हाला कधी कशाचा संशय आला तर जरूर कळवा. त्या टपालवाल्या बाईने तोंड उघडलं म्हणून एक माणूस आज फ्रीज दुरुस्त करतो आहे. फक्त फोन उचलण्याआधी एक पांढरी टाचणी आपल्या पायाशी लावून बघा, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळेल. आणि तुमच्या कचेरीत किंवा शाळेत दाराआड एखादा जुना नकाशा असला, तर त्याच्यावरची धूळ झटका. पडद्याला पुसलेलं फडकं मात्र आणू नका.