चष्मेवाल्याच्या पटावरचा प्यादा

या मित्रांनो, अंमळ जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या, कारण माझा आवाज लाकडाचा आहे, लांब पोचत नाही. आज तुम्हाला एका बापलेकीची गोष्ट सांगतो. गोष्ट गोड आहे. मधे एक खडा लागेल, तेवढा सोसा.

मी एक जुना प्यादा आहे. बुद्धिबळाच्या पटावर पांढऱ्या राजाच्या पुढ्यात जो उभा असतो, तो मी. डोके गोल, मान बारीक, तळाला हिरव्या कापडाची चकती. ती चकती आता अर्धी निघाली आहे.

मला घडवले एका म्हाताऱ्या कातारीने. चरकावर लाकूड गरगरा फिरायचे, भुसा उडायचा आणि तो आपल्याच नादात गुणगुणायचा :

पुढे पाऊल, मागे नाही,
नीट बघावे, नको घाई.

मला हातात धरून तो म्हणाला होता, "हत्ती-घोडे मागे फिरतील रे, तुला ती सोय नाही. टाकशील ते पाऊल देवाला साक्षी ठेवून टाक."

त्याच्या डोळ्यांना तेव्हा नीट दिसत नव्हते. चष्मेवाल्याने त्याला चष्मा करून दिला. तो लावून घरी गेल्यावर स्वतःच्या कामातले ओरखडे त्याला पहिल्यांदा दिसले. बिचारा लाजला. आम्हा सगळ्या सोंगट्यांना त्याने पुन्हा घासले आणि डबा घेऊन चष्मेवाल्याच्या दुकानात आला. "तुम्ही दाखवलंत म्हणून दिसलं," म्हणाला आणि डबा ठेवून गेला.

असा मी त्या दुकानात आलो. दुकान अरुंद होते, मागच्या खोल्यांत घर. एका भिंतीवर फ्रेमा, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वरची अक्षरे ताटलीएवढी, खालची मुंगीएवढी. गिऱ्हाईक खुर्चीत बसले की चष्मेवाला त्याच्या नाकावर तपासणीचा जाड लोखंडी चष्मा चढवायचा आणि त्यात एकेक भिंग घालून विचारायचा, "आता? आणि आता?" त्याची ख्याती अशी, की हा माणूस दिसते तेवढेच लिहितो. कुणी तक्ता पाठ करून आले तर हसून म्हणायचा, "काका, हे वाचलं नाहीत, म्हणून दाखवलंत."

या चष्मेवाल्याला एक लेक होती. एका जागी ठरत नसे, म्हणून तिचे नाव पडले भिंगरी. शाळेत फळ्यावरचे उतरवून घेताना तिच्या हमखास चुका व्हायच्या. बाप चिडायचा. "लक्ष कुठे असतं तुझं? डोळे आहेत की बटणं?" ती मान खाली घालायची.

एके दिवशी ती दुकानात खेळत होती. तपासणीचा चष्मा गमतीने तिने नाकावर ठेवला, हाताला लागतील ती भिंगे त्यात घातली आणि दारात उभी राहून ओरडली, "बाबा! कुलूपवाल्याच्या पाटीवर अक्षरं आहेत!"

कुलूपवाल्याचे दुकान बरोबर समोर होते. पाटी हातभर उंचीची.

बापाने हातातली फ्रेम खाली ठेवली. "मग तुला आजवर काय वाटत होतं?"

"नक्षी," भिंगरी म्हणाली.

मित्रांनो, मी काचेच्या कपाटात होतो. त्या माणसाचा चेहरा कसा उतरला ते मी पाहिले. साऱ्या गावाला अक्षरे दाखवणारा हा माणूस, आणि त्याच्याच घरी दिव्याखाली अंधार! त्याने तिला चष्मा केला, चांगला जाड नंबरचा. तिला दिसू लागले. पण तो जे बोलला होता, ते काही परत तोंडात जाईना. बटणं, बटणं. काच घासताना मधेच थांबायचा.

अशा मनःस्थितीत त्याने आम्हाला कपाटातून काढले. "ये, तुला एक खेळ शिकवतो," म्हणाला.

आणि इथेच तो खडा लागतो.

डावाची सुरुवात माझ्यापासून. मी दोन घरे पुढे. मग उंट तिरका बाहेर. मग लगेच वजीर. काळ्या राजाच्या उंटापुढे एक प्यादा असतो, त्याला राजाखेरीज कुणाचाच आधार नसतो. उंटाच्या बळावर वजीर तोच प्यादा मारतो, आणि राजाला हलायला जागा उरत नाही. चार चालींत मात. बापाने ही युक्ती भिंगरीला शिकवली आणि रोज संध्याकाळी स्वतः काळ्या सोंगट्या घेऊन तिच्यासमोर बसू लागला. वजीर अंगावर येताना तो दाराकडे बघे, जांभई देई, डोके खाजवी. मात झाली की कपाळाला हात लावून म्हणे, "हरलो बुवा!"

भिंगरी टाळ्या पिटायची. ते हसू पाहिले की बापाच्या मनातली टोचणी घटकाभर निवायची.

आई आतून म्हणायची, "अहो, रोज तोच डाव, रोज तीच मात? दगडालाही एव्हाना अडवता आलं असतं."

"पोर हुशार आहे," तो म्हणायचा.

"पोर आहेच. मी तुमचं विचारतेय."

तो हसण्यावारी न्यायचा. आणि भिंगरी शाळेत सांगत सुटली, "माझे बाबा एवढे शहाणे, पण मी त्यांना रोज हरवते."

शाळांच्या स्पर्धा ठरल्या. प्रत्येकाने आपापला पट आणायचा होता, म्हणून आम्हीही गेलो. मोठे सभागृह, ओळीने टेबले, भिंतीकडेने आईबाप उभे. भिंगरीच्या समोर एक दोन वेण्यांची मुलगी बसली. सर्दीने नाक ओढत होती. भिंगरीने मला दोन घरे पुढे नेले आणि दोन चालींत वजीर बाहेर काढला. वळून बापाकडे बघून हसली. बापाच्या हातातला रुमाल ओला झाला होता.

त्या मुलीने घाई केली नाही. घोडा काढून आधी आपला मधला प्यादा राखला. मग राजाच्या बाजूचा एक लहानसा प्यादा एक घर पुढे सरकवला. बस्स. वजिराची वाट बंद. भिंगरीने वजीर हलवला, दुसरा घोडा बाहेर आला. पुन्हा हलवला, पहिला घोडा अंगावर आला. एकेका हुसकावणीत तिची फौज घराबाहेर पडत होती आणि भिंगरीची सगळी फौज झोपलेली. पटाच्या मधोमध मी एकटा. अखेर वजिराला टेकायला एक घर उरले नाही.

वजीर उचलताना ती मुलगी सहज म्हणाली, "हे कुणीपण अडवतं गं. तुला कधी कुणी अडवलंच नाही?"

भिंगरीने मान वळवून भिंतीकडे पाहिले. बाप जमिनीकडे बघत होता.

दिवसभरातले सगळे डाव ती हरली. परतताना आमचा डबा तिच्या मांडीवर होता, म्हणून पुढचे मी ऐकले.

"बाबा, तो प्यादा पुढे सरकवायचं तुम्हाला सुचत नव्हतं?"

त्याने रुमालाने तोंड पुसले. मग म्हणाला, "सुचत होतं."

"रोज?"

"रोज."

भिंगरी रडली नाही. एवढेच म्हणाली, "म्हणजे मी कधी जिंकलेच नाही."

घरी येताच तिने डबा मोडक्या फ्रेमांच्या खणात टाकला. टाकताना मी बाहेर उडालो आणि खणाच्या फटीत अडकलो. तळाची चकती फाटली ती तेव्हाची. तिथे धूळ, सुटे स्क्रू, तुटक्या दांड्या. पुष्कळ दिवस मला कुणी हात लावला नाही. आपली कुणाला आठवण नाही, हे दुःख लाकडालाही होते, मित्रांनो.

पण कान उघडे होते. बाप तिला नवी फ्रेम दाखवायचा, "ही बघ, फुलपाखरासारखी." ती म्हणायची, "आहे तो चष्मा चांगला आहे." जेवताना "हो", "नाही", "वाढा" याच्यापुढे बोलणे जाईना. एकदा आई त्याला म्हणाली, "तुम्ही पोरीला जिंकू देत नव्हतात. तिच्या टाळ्यांनी स्वतःचं औषधपाणी करत होतात."

तो उठून खणापाशी आला. खण किंचित उघडला आणि पुन्हा बंद झाला. तसे तो बरेचदा करायचा. उघडायचा, बघायचा, लावून टाकायचा.

मग एक दिवस दुकानात एक वयस्क ट्रकड्रायव्हर आला, त्याला परवान्यासाठी नजरेचा दाखला हवा होता. तक्त्याची शेवटची ओळ त्याने धडधड म्हटली. चष्मेवाल्याने तक्ता काढून उलट बाजू पुढे केली. ड्रायव्हरला चौथ्या ओळीच्या पुढे जाता येईना.

"काका, वाचलं नाहीत. म्हणून दाखवलंत."

"अरे बाबा, गाडी सुटली तर मी करू काय? मोठ्या मनाने म्हण ना, दिसतंय म्हणून. तुझं काय जातंय?"

कोपऱ्यात भिंगरी अभ्यास करत होती. तिच्या पेन्सिलीची खरखर थांबली.

चष्मेवाला म्हणाला, "माझं फार गेलंय, काका. माझ्या लेकीला बरं वाटावं म्हणून मी तिला दिसत नव्हतं ते दिसतंय म्हणून सांगितलं. खरं तर बरं मलाच वाटत होतं. रस्त्यात तिची गाडी आपटली, आणि मी बाजूला उभा राहून बघितलं. आता परत तेच पाप करायला सांगू नका. बसा, चष्मा करू. चष्म्याने जेवढं दिसेल तेवढंच लिहीन. कमी पडलं तर डॉक्टरकडे मी स्वतः घेऊन जाईन."

ड्रायव्हर गेला. थोड्या वेळाने खण उघडला गेला. या वेळी हात लहान होता. भिंगरीने डबा काढला, सोंगट्या मांडल्या आणि थबकली. राजापुढचे घर रिकामे.

"बाबा, राजापुढचा प्यादा नाही."

दोघांनी मिळून खण उपसला. बापाने चष्म्याच्या चिमट्याने मला फटीतून ओढून काढले, अंगरख्याला पुसले आणि तिच्या हातात दिले.

"मी खेळते," ती म्हणाली. "पण खोटं खेळलात तर उठून जाईन."

"खोटं खेळलो तर तू नको, मीच उठेन."

तो डाव ती हरली. सपाटून हरली. ओठ चावत विचारले, "माझं चुकलं कुठे?"

तेव्हा बापाने खरी सुरुवात मांडली. एकेक चाल झाली की तक्त्यापुढे विचारायचा तसाच विचारायचा, "आता काय दिसतंय?"

मी दोन घरे पुढे. "काय दिसतंय?"

"मधलं घर आपलं झालं. आणि उंटाला, वजिराला वाट मोकळी झाली."

समोरूनही तसाच प्यादा आला. मग राजाच्या बाजूचा घोडा बाहेर. "का बरं?"

"तो त्यांच्या प्याद्यावर डोळा ठेवतोय. म्हणजे त्यांना आधी तो राखावा लागेल."

काळा घोडा राखायला आला. मग उंट तिरका, थेट त्या निराधार प्याद्याकडे तोंड करून. भिंगरीचा हात सवयीने वजिराकडे गेला. बापाने अडवले नाही, फक्त विचारले, "फौज उठली का?"

तिने हात मागे घेतला. राजाला हत्तीच्या आड सुरक्षित बसवले. "आधी घर सांभाळायचं. मग वजीर."

"हे पाठ करू नकोस हं," बाप म्हणाला. "रोज नव्याने बघ."

त्यानंतरही ती पुष्कळ हरली. कधी रुसली, कधी पट उधळला. पण मला फटीत नाही टाकले. आणि एकदा बरोबरी झाली, त्या रात्री बापाला आनंदाने घास गिळवेना. मात्र "हरलो बुवा" हे शब्द त्याने पुन्हा उच्चारले नाहीत. ते त्याच्या जिभेवर जड झाले होते.

वर्षे गेली. भिंगरी मोठी झाली, नोकरीसाठी लांब गेली. दुकानाचे दार बंद झाले, कारण चष्मेवाल्याचेच डोळे मंदावले. देवाची करणी बघा, ज्याला कुठल्याच भिंगाचा उपाय नाही, तसले दुखणे त्याच्या वाट्याला आले. सुट्टीला आली की भिंगरी त्याच्यासमोर पट मांडायची. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर तिने डिंकाचा एकेक थेंब सुकवला होता, म्हणजे त्याला बोटांनी ओळखता याव्यात. तो प्रत्येक चालीनंतर पटावरून हलका हात फिरवायचा. माझ्या तळाची फाटकी चकती लागली की म्हणायचा, "हा आपला फटीतला."

अशाच एका संध्याकाळी भिंगरीने बापाकडे पाहिले. घरे चाचपणारे बोट, पांढरट बुबुळे. तिच्या मनात काय आले देव जाणे. तिने आपला वजीर उचलला आणि अलगद काळ्या उंटाच्या वाटेत नेऊन ठेवला.

बापाचा हात फिरत आला. उंटापाशी थांबला. बोट तिरके सरकत गेले आणि वजिराला टेकले.

"भिंगरे, हा इथे कसा आला?"

"चुकून, बाबा."

"चुकून?" तो हसला. "अगं, माझी नजर गेली, अक्कल नाही गेली. कुणाची कीव करतेस?"

"बाबा, मला वाटलं, तुम्हाला जरा बरं वाटेल."

"हो ना," तो हळूच म्हणाला. "मलाही तेव्हा असंच वाटलं होतं."

भिंगरीने चष्मा काढून डोळे पुसले. मग त्याने चाचपडत वजीर उचलला आणि आधीच्या घरात परत ठेवला. "खेळ. खरं खेळ."

ती खरे खेळली. तोही जिवाच्या आकांताने खेळला. डाव लांबला, दिवा लागला, आई दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटी भिंगरीने शह दिला. बापाने राजाभोवतीचे प्रत्येक घर बोटाने तपासले, दोनदा तपासले, तिला कुठे काही राहून गेले नाही ना ते पाहिले. मग स्वतःच्या हाताने राजा आडवा केला आणि कपाळाला हात लावून म्हणाला,

"हरलो बुवा!"

तेच जुने शब्द. पण या वेळी भिंगरीने टाळ्या पिटल्या नाहीत. तिने खाली वाकून त्याच्या पायांवर डोके ठेवले, आणि तो आंधळा माणूस मात्र लहान मुलासारखा टाळ्या पिटू लागला.

आता तो नाही. आमचा डबा भिंगरीकडे असतो. मित्रांनो, खेळ संपल्यावर सोंगट्या मोजून डब्यात ठेवत जा, कुणाला फटीत सोडू नका. आणि तुमच्यासमोर कधी तुमच्याहून लहान, किंवा थकलेले, कुणी खेळायला बसले आणि त्याच्यावर माया करण्यासाठी तुमचा हात मुद्दाम चुकीच्या घराकडे जाऊ लागला, तर क्षणभर थांबा, आणि माझ्या चष्मेवाल्याची आठवण काढा.