मनकर्णाबाईच्या जोडव्यांची अंगठी

मी एक अंगठी बोलतेय. सोन्याची नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुमचा हिरमोड नको. नुसत्या चांदीचीही नाही. माझ्यात चांदी आणि तांबं थरावर थर बसलेलं आहे आणि त्या थरांची नक्षी माझ्या अंगावर उमटली आहे. पाहणारे विचारतात, ही रंगवलीय का? रंगाचा इथं काही संबंध नाही. नक्षी माझ्या अंगात आरपार गेलेली आहे, कितीही घासा, निघायची नाही.

माझा जन्म वाळूजजवळच्या रांजणगावात, अतुलच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. अतुल आधी वाळूजच्याच एका कारखान्यात टूल रूमला होता. लोखंडाशी झटून त्याचं मन विटलं असावं. नोकरी सोडून त्यानं घरामागं भट्टी मांडली आणि अशा अंगठ्या करायला लागला. आता त्याला मोबाइलवर ऑर्डरी येतात. कुणाला पाण्याच्या लाटांची नक्षी हवी असते, कुणाला लाकडाच्या रेषांची. कुणी साखरपुड्यासाठी जोडीच्या अंगठ्या सांगतं आणि महिन्याभरात निरोप धाडतं, भाऊ, आता एकच करा. अतुल काही विचारत नाही, एकच करतो.

एक गोष्ट मात्र तो प्रत्येकाला बजावतो. साधी चांदीची अंगठी घट्ट झाली तर सोनार ती तापवून, ठोकून वाढवतो. थरांची अंगठी तशी वाढत नाही. म्हणून माप पाठवू नका, बोट घेऊन या, असं त्याचं म्हणणं असतं.

विशाखा बोट घेऊन आली नाही. ती दोरा घेऊन आली.

विशाखा वाळूजच्या एका कंपनीत तयार पार्ट तपासायच्या कामावर आहे. तिची आई मनकर्णाबाई आजारानं गेली होती. विशाखानं अतुलसमोर रुमालाची गाठ सोडली. आत आईची जोडवी होती, आणि सोबत आईचा पोचे पडलेला तांब्या. आईचं एवढंच राहिलं होतं. या दोन्हींची मिळून तिला वडिलांसाठी अंगठी करायची होती. आई-बाबा एका ठिकाणी राहतील, असं ती म्हणाली आणि लगेच भिंतीकडं बघायला लागली. अतुलनं तिला पाणी दिलं.

अतुलनं वडिलांना आणायला सांगितलं. पण तिला बाबांना अचानक द्यायची होती. बाबा दुपारचे झोपले असताना तिनं त्यांच्या बोटाभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं होतं. अतुल म्हणाला, दोरा सांध्यावरून जातो का ते पाहिलंत ना? ती हो म्हणाली. दोऱ्याचं काय, दोरा मऊ असतो, तो कुठूनही जातो.

आता हे बोट कुणाचं होतं ते ऐका. विशाखाचे वडील कडुबा गंगापूरकडच्या एका गावात गवंडी होते. अर्ध्या गावाची घरं त्यांच्या हातची. जन्मभर दगड उचलून आणि सिमेंट कालवून त्यांच्या बोटांचे सांधे सुपारीएवढे झाले होते. बोट मुळाशी बारीक आणि सांध्याला जाड. असं बोट दोऱ्यानं मोजू नये हे दुसऱ्या कुणाला कळलं असतं. विशाखाला लहानपणापासून ते बोट धरून चालायची सवय, तिला त्यात वावगं काही दिसलंच नाही.

अतुलनं मला मन लावून घडवलं. जोडवी वितळवून त्यांचे पातळ पत्रे काढले, तांब्या कापून त्याचेही काढले. एक पत्रा चांदीचा, एक तांब्याचा, अशी चळत पोलादी पट्ट्यांमध्ये करकचून आवळली आणि भट्टीत ठेवली. त्या आचेत चांदी आणि तांबं एक झाली आणि मी झाले. मग हातोडा, मग पीळ, मग कानस, मग पुन्हा हातोडा. विशाखा सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये येऊन बसायची. आईनं पायात घालून घालून जोडवी इतकी झिजवली होती की ती माझ्यापुरतीच पुरली, चिमूटभरही चांदी उरली नाही. शेवटी अतुलनं मला गोल वळवलं, सांधलं, उजळलं आणि विशाखाच्या तळहातावर ठेवलं. ती मला किती तरी वेळ फिरवून फिरवून पाहत होती. माझी एकेक रेघ तिनं डोळ्यांत भरून घेतली. इतक्या प्रेमानं मला कुणी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी ती मला घेऊन गावी गेली. कडुबा तेव्हा शेजाऱ्याच्या पडक्या ओट्याला गिलावा करत होते. हात कोपरापर्यंत भरलेले. तिनं मला समोर धरलं आणि ही कशाची आहे ते सांगितलं. कडुबांचं काम थांबलं. थापी हातातच राहिली. मग म्हणाले, "आंघोळ करून घालतो, पोरी. अशा हातानं नको." विशाखाची दुसरी पाळी होती, जीप सुटायला आली होती. तिनं मला कोनाड्यात ठेवलं आणि निघाली. जाताजाता तिनं बजावलं, घट्ट-सैल वाटली तर कोणत्याही सोनाराकडं देऊ नका, मला सांगा. कडुबा व्हय व्हय म्हणाले. बापमाणसं व्हय व्हय म्हणतात तेव्हा त्यांनी किती ऐकलेलं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून कडुबांनी मला बोटात सरकवलं. मी सांध्यापाशी अडले. त्यांनी साबण लावला, तेल लावलं, बोट थंड पाण्यात बुडवून पाहिलं. कातडी सोलली, मी पुढं गेले नाही. मला जाववेना. मी आतून पसरायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण धातूनं मनात आणून काय होतं?

तेवढ्यात विशाखाचा फोन आला. बसली का, म्हणून तिनं विचारलं. कडुबांच्या बोटातून रक्त येत होतं. ते म्हणाले, "बसली की. मापात बसली." पलीकडं ती रडायला लागली, आनंदानं. पुढच्या महिन्यात आईचा पहिला स्मृतिदिन आहे, तेव्हा तुमच्या हातात बघीन, म्हणाली. आता शब्द मागं कसा घेणार? कडुबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्यांना अडचणीत आणलं होतं.

सगळं तिथंच सांगून मोकळं व्हायला हवं होतं. अतुलनं मला गळ्यातल्या साखळीत ओवायला कडी लावून दिली असती, काहीतरी मार्ग निघाला असता. पण पोरगी खूश झाली होती आणि ती खुशी कडुबांना मोडवेना.

स्मृतिदिन जवळ आला तसे ते मला रुमालात बांधून गंगापूरच्या बाजारात सोमनाथ सोनाराकडं गेले. चांदीची हाय, जरा वाढवून द्या, एवढंच म्हणाले. थरांचं बोलले नाहीत. ते सांगितलं असतं तर सोमनाथनं हात लावला नसता, म्हणूनच बहुधा सांगितलं नाही. मी त्या सोनाराला दोष देत नाही. चांदीला सोसते तेवढी आच त्यानं मला दिली. त्याला काय माहीत, चांदी आणि तांबं वेगवेगळी असताना जेवढी आच सोसतात, तेवढी एकमेकांना चिकटल्यावर सोसत नाहीत. दोघं जिथं जोडलेली असतात तिथूनच आधी वितळायला लागतात.

मला ओरडता आलं असतं तर मी त्या बाजारात ओरडले असते. माझ्या अंगातून घाम फुटावा तसे चकाकते थेंब आले. त्यानं मला निमुळत्या सळईवर चढवून हातोडा मारला. पहिल्या घावाला माझा जोड तडकला. दुसऱ्या घावाला थर सुटले. माझी कड उकलली आणि नक्षी मधेच तुटली. सोमनाथचा हातोडा थांबला. "मामा, ही निस्ती चांदी नाय," तो म्हणाला, "आधी सांगायचं नाय का?" कडुबांनी मला गरमच उचललं, बोटं पोळली तरी सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते विचारत विचारत रांजणगावला पोचले. अतुलनं मला हातात घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला. जन्मदात्याच्या हातात मोडक्या अंगानं परत जाणं काय असतं, हे मी कोणत्या शब्दांत सांगू? कडुबांनी विचारलं, पुन्हा जोडता येईल का. अतुल म्हणाला, आता थर धरायचे नाहीत. वितळवली तर दोन्ही धातूंचा मिळून एक गोळा होईल, त्यात जोडवी वेगळी राहणार नाहीत आणि तांब्याही. विशाखाताईंना सांगून टाका, असं त्यानं परोपरीनं सांगितलं.

"तिची माय जाऊन वरीस नाय झालं," कडुबा म्हणाले. "आता मी तिला पुन्हा कसं सांगू, का ती पुन्हा गेली म्हणून? अन् यावेळी माझ्या हातानं गेली?"

मग कडुबांनी हळूच विचारलं, अशीच दुसरी करून देता का? अतुलनं सांगितलं, माझ्या चांदीची, माझ्या तांब्याची करून देईन, पण नक्षी तीच येणार नाही, एकीसारखी दुसरी निघत नाही. कडुबा म्हणाले, पोरगी काय रेघा मोजत बसणार हाय का? त्यांनी बोट पुढं केलं. अतुलनं या वेळी नीट सांध्यावरून माप घेतलं. हेच माप एवढं सोपं होतं.

दुसरी अंगठी झाली. देखणी आहे बिचारी, तिच्याशी माझं काही वाकडं नाही. ती कडुबांच्या बोटात सहज बसली. मला त्यांनी चिंधीत गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

स्मृतिदिनाला भन्तेजी आले. बुद्धवंदना झाली, मनकर्णाबाईच्या फोटोला फुलं वाहिली, पुण्यानुमोदन झालं. पंगती उठल्या, पाहुणे पांगले. मग विशाखा बाबांजवळ सतरंजीवर बसली आणि तिनं त्यांचा हात मांडीवर घेतला. अंगठीवरून अंगठा फिरवत ती 'आई' एवढंच म्हणाली. मी खिशात, त्यांच्या छातीशी. मधे फक्त सदऱ्याचं कापड. मी इथं आहे, पोरी, इथं बघ. पण माझं कोण ऐकणार?

मग तिचा अंगठा थांबला. तिनं हात उजेडाकडं वळवला. अंगठी थोडी फिरवली, अजून थोडी फिरवली. ती माझी रेघ शोधत होती. दिवसभर पार्ट तपासणारी ती, माझ्या घडणीवेळी शेडमध्ये बसून राहिलेली ती. तिला कळलं. तिनं अंगठी सोडली आणि बाबांचा हात तिच्या मांडीवर तसाच पडून राहिला. कडुबा फोटोकडं बघत होते, त्यांनी मान वळवली नाही.

"चांगली बसलीय, बाबा," एवढंच ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

संध्याकाळी कडुबा तिला जीपपर्यंत सोडायला गेले. जीप भरत होती. विशाखा चढली नाही. बॅग खाली ठेवून तिनं विचारलं, "बाबा, मला काही सांगायचं व्हतं का तुम्हाला?"

कडुबांचा हात खिशात गेला. त्यांच्या बोटांनी चिंधी धरली, चिंधीतून मला धरलं. इतकं घट्ट धरलं की माझे सुटलेले थर पुन्हा एकमेकांना टेकले. मला वाटलं, आता. आता मी उजेडात येणार. पोरगी रागावेल, रडेल, पण मला ओळखेल.

"काय नाय गं," कडुबा म्हणाले. "पोचली का फोन कर."

तिनं बॅग उचलली. जीप गेली. कडुबा धुरळा बसेपर्यंत उभे होते आणि त्यांचा हात खिशातच होता.

तेव्हापासून मी इथंच आहे. कडुबा सदरा बदलतात तेव्हा मलाही एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवतात, विसरत नाहीत. विशाखा दर रविवारी फोन करते. जेवलात का, गोळी घेतली का, असं सगळं विचारते आणि फोन ठेवायच्या आधी थोडी थांबते. कडुबाही थांबतात. मग दोघंही 'बरं' म्हणतात.

कधी गंगापूरकडं जाणं झालं आणि खिशावर हात ठेवून बसलेला एक म्हातारा गवंडी दिसला, तर माझं एवढं काम करा. त्याला सांगा, पोरीला सगळं कळलंय. ती तुमच्यावर रागावलेली नाही, ती वाट बघतेय. तुमच्या बोटात जी आहे, ती नुसती अंगठी आहे. मनकर्णाबाई या चिंधीत आहे, उकललेली, काळवंडलेली, पण सगळीच्या सगळी. तिला एकदा लेकीच्या हातावर ठेवा.