भाविकाची आखाजी

मेहरूणच्या त्या घरात सुना दोन आणि अक्षय्य तृतीयेची आखाजी वर्षातून एकदाच, म्हणून सासूबाईंनी, म्हणजे मंदाबाईंनी, नियमच घालून दिला होता. एका वर्षी थोरली माहेरी जाईल, एका वर्षी धाकटी. आखाजीला घरच्या लेकीही माहेरपणाला येतात. त्यांच्यापुढे आमरसाच्या वाट्या ठेवायला एक सून घरात हवीच. मात्र जी जाईल तिचे ते पंधरा दिवस तिचे. ती झोक्यावर बसली की दिवसभर लोळली, हे सासरच्यांनी विचारायचं नाही.

थोरली नूतन, धाकटी यायच्या आधीही वर्षाआडच, बावीस वर्षांत अकरा वेळा जाऊन आली होती. दर वेळी यावलजवळच्या आपल्या गावी जाऊन तिनं वहिनीचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापले, तूर निवडून दिली आणि दुखरे हात घेऊन परत आली. या पंधरा दिवसांत दुसरंही काही करता येतं, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नाही. आणि ते आलं कोणाच्या डोक्यात, तर भाविकाच्या.

भाविका धाकटी, एकतीस वर्षांची, बँकेत नोकरीला. यंदाची आखाजी तिची होती. निघायच्या आदल्या दिवशी तिनं नूतनला गच्चीवर गाठलं.

"ताई, मी सोनगीरला आईकडे एकच दिवस थांबणार आहे. तिथून सिमल्याला जाते. मग पुढे सायकलनं हिमालयात, काझापर्यंत."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

तिच्या नवऱ्याला, तेजसला, माहीत होतं. सायकल त्यानंच घेऊन दिलेली, ती सोनगीरला ठेवली होती. पण तो पुण्याला, आणि त्याच्या कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत. रोज संध्याकाळी आपण कुठे पोहोचलो ते कळवायला भाविकाला एक खात्रीचं माणूस हवं होतं. "आईंना सांगितलं तर त्या सायकल तलावात बुडवतील," ती म्हणाली. "तुम्हीच एक आहात."

"जा की. मी आहे ना," नूतन म्हणाली. तोंडानं म्हणाली. पोटात तेव्हाच आग पडली होती.

कारण या घरात सायकलवाली कोणी असेल तर ती नूतन होती. गावापासून यावलची शाळा सात किलोमीटर. केळीच्या बागांमधून ती अशी सुटायची की मागून येणारी पोरं घंटा वाजवून थकायची. लग्न ठरलं आणि सायकल भावाकडे राहिली. त्याबद्दल तिनं कधी कुरकूर केली नव्हती, आणि आता ही बया, जिला लग्न होऊन आली तेव्हा स्कूटरही धड चालवता येत नव्हती, ती निघाली होती हिमालयात.

मग फोटो यायला लागले. रामपूर, कल्पा, पूह. खाली हिरवट नदी, वर नागडे डोंगर, आणि कठड्याला टेकवलेली सायकल, तिच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकलेल्या. "आज अकरा तास चढ. शेवटी उतरून ढकलत नेली." "एका आजीनं घरात घेतलं, मिठाचा चहा दिला." "नाको, बारा हजार फूट. चार पेडल मारले की थांबावं लागतं, इतका दम लागतो. ताई, इथे माझ्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही."

इथे नूतनच्या कानाशी चार नणंदांची पोरं किंचाळत होती. रस काढून काढून तिच्या नखांत पिवळं बसलं होतं. ती फोटो उघडायची, दोन बोटांनी मोठा करायची, भाविकाचं काळवंडलेलं, सोललेलं नाक बघायची आणि मनात म्हणायची, बरं झालं. मग पुन्हा तोच फोटो उघडायची. चांगली बाई होती नूतन, पण त्या पंधरवड्यात तिच्या अंगाचा रोज तिळपापड होत होता आणि ते तिला पक्कं कळतही होतं.

तेराव्या दिवशी मेसेज आला. भाविका काझाला पोहोचली होती, परतीच्या बसमध्ये बसणार तोच नाकोकडे दरड कोसळली. दोन दिवस रस्ता बंद. "आबा गुरुवारी मला आणायला सोनगीरला जातील. त्यांना थांबवा ताई. काहीही सांगा. मी शनिवारी येते."

आबा म्हणजे सासरे, रतिलाल. एस.टी.तून निवृत्त. सुनेला आणायला सासऱ्यानं स्वतः जायचं आणि फोन न करता जायचं, ही त्यांची रीत. फोन केला की विहीणबाई पाहुणचाराच्या खटपटीत पडतात, म्हणून. तेव्हा त्यांना थांबवू शकेल असं एकच माणूस होतं.

नूतननं मेसेज दोनदा वाचला. फोन डब्यामागे ठेवला. न बोलण्यात नऊ गुण, तिनं स्वतःला सांगितलं. आपण चहाडी करत नाही आहोत. आपण काहीच करत नाही आहोत. आबा जातील, बघतील, बोभाटा होईल, सुंठीवाचून खोकला जाईल.

गुरुवारी सकाळी आबा टोपी घालून निघाले. नूतननं त्यांना डब्यात पुरणपोळ्या बांधून दिल्या, विहीणबाईंसाठी वेगळ्या. दिवसभर ती इतक्या हलक्या हातानं कामं करत होती की धाकट्या नणंदेनं विचारलं, "वहिनी, आज काय आहे?"

दुपार कलल्यावर आबा आले. एकटेच.

"भाविका कोठे शे?" मंदाबाईंनी विचारलं. नूतन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

आबांनी टोपी खुंटीला लावली. "तिनी मायनी दोन दिन ठेई लिधं तिले. शनवारे येई."

"बरं," मंदाबाई म्हणाल्या आणि पुन्हा कैऱ्या चिरायला लागल्या. संपलं. एवढंच.

नूतन पाणी घेऊन अंगणात गेली, तेव्हा आबा पाय धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तिनी मायनी सगळं सांगं माले. तुले माहीत व्हतं?"

"हो."

"दरडमा अडकेल शे ती, हाई बी माहीत व्हतं?"

"हो."

"मंग माले काबर जाऊ दिधं?"

नूतनला दहा कारणं सुचली. ती म्हणाली, "ती गेली, आणि मी कधी गेले नाही, म्हणून."

आबांनी पाय पुसले, एक, मग दुसरा. "हाई गोट आपला दोन्हीसमाच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ती शनवारे उनी का तिले सांगू नको. तिना भरोसा शे तुनावर." आणि आत गेले.

नूतन तांब्या घेऊन तिथेच उभी राहिली. आबांनी रागावायला हवं होतं. भाविकाचं धाडस त्यांनी झाकलं आणि नूतनचा कोतेपणाही त्याच हातानं झाकला, तितक्याच सहज, जणू घरातल्या बायकांची दोन गुपितं आहेत. ते तिला सोसवेना. जळायचं होतं तेव्हा ती मनापासून जळली होती. आता उपकाराखाली राहणं तिला जमणार नव्हतं. तिनं फोन काढला आणि लिहिलं, "तुझा मेसेज मी वाचला होता. आबांना मुद्दाम जाऊ दिलं. मी जळते तुझ्यावर, पहिल्या फोटोपासून."

तिनं कणीक मळली. कुकर लावला. मग फोन वाजला.

"जळावं म्हणूनच तर रोज फोटो टाकत होते," भाविकानं लिहिलं होतं. "सात वर्षं ऐकतेय, नूतनला विचार, नूतनसारखं कर. तेजसला रात्री एकदम कळवूनही भागलं असतं. पण माझं काहीतरी एकदा तुम्हाला हवंसं वाटावं, असं फार होतं मनात."

नूतनला आधी संताप आला. म्हणजे ही बारा हजार फूट चढली ती मला खिजवायला! मग तिनं ते पुन्हा वाचलं, कणकेच्या हातानं फोन धरून. आपल्यावरही कोणी सात वर्षं जळत होतं, आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

"वाटलं," तिनं लिहिलं. "पोट दुखेस्तोवर वाटलं. शनिवारी ये. आल्यावर भांडू."