तिसरं ट्रंपेट

"आईचा कायदेशीर पालक मी आहे, नर्स, आणि मी सही करणार नाही," असं कॅलिफोर्नियातून सुनावून रॉयने फोन ठेवलासुद्धा.

पद्मजा रिसीव्हर हातात घेऊन तशीच उभी राहिली. शिकागोपासून मोटारीने चार-पाच तासांवरच्या नोव्हाय गावातल्या त्या नर्सिंग होममध्ये पेशंटला बाहेर न्यायचं तर पालकाची सही लागे, आणि दाराची किल्ली पद्मजाच्याच खिशात असे. नागपूरहून इतक्या लांब येऊन आपण नर्स झालो की पहारेकरी, हा प्रश्न तिला हल्ली वरचेवर पडायचा.

त्या वर्षी, १९९५ साली, रॉयची आई मिल्ड्रेड त्र्याहत्तर वर्षांची होती. दुसऱ्या महायुद्धात बँडमधले पुरुष फौजेत गेले तेव्हा बायकांचा एक बँड उभा राहिला होता. सोळाजणी, एक बस आणि रोज नवं गाव. त्यात मिल्ड्रेड तिसरं ट्रंपेट वाजवायची. पहिलीने सूर उंच न्यायचा आणि लोकांच्या नजरेत भरायचं. तिसरीने खालून भर घालत राहायचं. चार वर्षांत तिच्या वाट्याला एकटीचा असा एक तुकडाही आला नाही. मग पुरुष परतले, बँड मोडला आणि मिल्ड्रेडने पुढची तीस वर्षं दुकानात हातमोजे विकले. रॉयला आईचे हातमोजे तेवढे माहीत.

आता त्यांतल्या उरलेल्या नऊजणी शनिवारी शिकागोत जमणार होत्या, एकदा शेवटचं वाजवायला. पत्र आल्यापासून मिल्ड्रेड रोज बाथरूममध्ये नळ सोडून ट्रंपेटचा नुसता तोंडाशी धरायचा भाग फुंकत बसे. नळ अशासाठी, की कुणी तक्रार करू नये. कवळी सैल, दम तोकडा, पण तीन आठवड्यांत ओठ वळणावर आले होते.

रॉयचा नकार सांगायची पाळी पद्मजावरच आली. मिल्ड्रेड रडली नाही. "तू ड्राइव्ह करतेस ना, पॅट?" एवढंच तिने विचारलं. पद्मजाची तिने केव्हाच पॅट करून टाकली होती.

सहीशिवायच तिला शिकागोला न्यायचा विषय पद्मजाने घरी काढला, तर नवरा, श्रीरंग, जेवता जेवता थांबला. "वेडी आहेस का? नर्सिंगचं लायसन्स कॅन्सल करतील तुझं. मग कोण जॉब देणार?"

त्याचं खरं होतं. म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला, आणि स्वतःची लाज वाटली.

शनिवारी दुपारी नर्सिंग होमच्या कॉरिडॉरमधला फोन मिल्ड्रेडसाठी वाजला. शिकागोच्या हॉलमधून पहिलं ट्रंपेट वाजवणारी लूसिल बोलत होती. तुझी खुर्ची रिकामी ठेवलीय, बदली कुणी घेतलेली नाही, आता ऐक, असं सांगून तिने रिसीव्हर स्टेजवरच ठेवून दिला.

मिल्ड्रेडने डाव्या हाताने फोन कानाशी गच्च धरला. उजव्या हाताची तीन बोटं चाकाच्या खुर्चीच्या दांडीवर, ट्रंपेटच्या तीन कळा दाबाव्यात तशी, खालीवर होऊ लागली. फोनसाठी दहा मिनिटांचा नियम होता, मागे दोघंजण ताटकळत होते. पद्मजाने घड्याळाकडे पाठ केली.

मधेच बोटं थांबली.

"पहिली ऐकू येतेय, दुसरीपण," मिल्ड्रेड हळूच म्हणाली. "पण खाली पोकळ आहे, पॅट. तिथे मी असायची." "मला आयुष्यभर वाटायचं, मी नसले तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

बोटं पुन्हा सुरू झाली ती शेवटच्या सुरापर्यंत. पलीकडे टाळ्या उठल्या. टाळ्यांना सगळ्या बँडने उभं राहायचं, ही त्यांची रीत होती. मिल्ड्रेड खुर्चीचे हात धरून उठू पाहत होती. पद्मजाने तिला काखेत आधार देऊन उभं केलं, आणि टाळ्या थांबेपर्यंत दोघी कॉरिडॉरमध्ये तशाच उभ्या राहिल्या.