वाकड्या दांड्याची गाळणी

तिने खोक्यातून पहिली पितळी गाळणी काढली, दुसरी काढली, आणि मग अख्खं खोकंच रुग्णालयाच्या प्रतीक्षालयात उपडं केलं. झाडून सगळ्या गाळण्यांचे दांडे वाकडे, तेही नेमके एकाच जागी.

“तुम्हीच म्हणालात ना ताई, नमुन्याबरहुकूम करा म्हणून?” तांबटकाका म्हणाले. “तो बाक साधताना नाकी नऊ आले माझ्या.”

नमुना म्हणजे आईच्या ओट्यावरून न विचारता उचललेली गाळणी. डब्यांची झाकणं उचकटून उचकटून तिचा दांडा वाकला होता. काका असे चोख, की जुना सदरा माप म्हणून दिला तर नवाही ठिगळासकट शिवतील.

दहा वर्षं तिने दुसऱ्यांच्या नावाखाली दिवे घडवले होते. गाळण्यांचं हे झुंबर तिच्या स्वतःच्या नावाचं पहिलं काम, आणि उद्या उद्घाटन.

“दोनशेच्या दोनशे सरळ करा, नाहीतर उद्घाटन विसरा,” रुग्णालयाचे अभियंते म्हणाले. “लोक म्हणतील, मोडीतली भांडी टांगलीत.”

वायरमनने एक दांडा ठोकून सरळ केला, वाटीत दिवा बसवून गाळणी टांगली. उजेड थेट अभियंतासाहेबांच्या डोळ्यांत शिरला. मग त्याने वाकडी टांगली. वाटी खाली कलली आणि जाळीतून गाळलेला उजेड समोरच्या बाकावर मऊ उतरला.

तिला हसूच फुटलं. कार्यशाळेत नमुना टांगला तेव्हाही उजेड असाच पडला होता, आणि ते श्रेय तिने बिनदिक्कत स्वतःच्या हुशारीला दिलं होतं.

साहेब त्या बाकावर बसले. हातातला कागद त्यांनी चष्म्याशिवाय वाचून पाहिला.

“राहू द्या वाकड्याच.”

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, आणि केव्हापासून माना खाली घालून बसलेले लोक वर बघायला लागले.

“अगंबाई, गाळण्या!” कुणीतरी ओरडलं, आणि सगळं प्रतीक्षालय हसलं. आपण जिंकलो, तिला वाटलं.

उद्घाटनाला आलेली आई मात्र हसली नाही. ती झुंबराकडे टक लावून बघत होती.

“मधली माझी ना गं?”

“हो.”

“आणि मी पंधरा दिवस चहा फडक्यातून गाळतेय!”

“चुकलं. काढून देऊ का?”

“खबरदार हात लावलास तर.”

मग आई शेजारच्या अनोळखी बाईकडे वळली.

“दिवे लेकीने केलेत,” ती म्हणाली. “पण दांडा मी वाकवलाय.”