उभी गाडी

पौर्णिमाने गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला, पाच-सहा सेकंद तसाच राहू दिला आणि मग तोच हात बाजूच्या लोखंडी फाटकावर ठेवला. फाटक गार होते. बॉनेट गार नव्हते.

"राजूभाऊ," ती हळू आवाजात म्हणाली.

राजू मेस्त्री गाडीखाली वाकून पाहत होता. तो उठला, पँटला हात पुसून त्याने बॉनेट चाचपले.

"गरम हाये म्याडम. बंद करून अर्धा घंटा झाला असन."

आदल्या दिवशी फोनवर तिने स्पष्ट सांगितले होते, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. रात्रभर थंड पडलेले इंजिन कसे सुरू होते आणि पहिला धूर कोणत्या रंगाचा निघतो, एवढेच तिला पाहायचे होते. गाडीच्या मालकीणबाई, दुर्गाबाई, 'हो' म्हणाल्या होत्या. आता त्या चहाचे कप घेऊन ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या.

"मावशी, सकाळी गाडी सुरू केली होती का?"

"नाही बाई."

"मंग उनानं तापली का?" राजूने विचारले. "ऊन तं अजून तुमच्या टिनावरच हाये. खाली उतरलंबी नाही."

दुर्गाबाईंनी कप पायरीवर ठेवले आणि पदर सारखा केला.

गाडी अकरा वर्षांची होती आणि मीटरवर चौदा हजार दोनशे किलोमीटर होते. त्या आकड्यासाठीच पौर्णिमा रिठदहून केनवडला आली होती. याआधी पाहिलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचे मीटर मागे फिरवलेले निघाले होते. या गाडीचे पेडल मात्र झिजलेले नव्हते, सीटची शिवण शाबूत होती. नोंदणीची चार वर्षे शिल्लक होती. तेव्हा वैजयंती तेरा वर्षांची असेल, हा हिशेब तिने येतानाच करून ठेवला होता.

वैजयंती ओसरीच्या कडेला, ऊन पडेल अशा जागी बसली होती. अंगात दोन स्वेटर, कानांवरून ओढलेली लोकरीची टोपी. पौर्णिमा ग्रामीण रुग्णालयात रक्ततपासणी करायची, आणि पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलीच्या रक्ताची काचपट्टी तिनेच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती. सिकलसेलच्या, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी तिने दोनदा मोजल्या होत्या. थंडीने शिरा आकसतात, रक्त मंदावते, वाकलेल्या पेशी एकमेकींत अडकतात. हे तिला माहीत होते, तरी गेल्या डिसेंबरात नवऱ्याच्या, संघपालच्या मोटरसायकलवर, दोघांच्या मध्ये शालीत गुंडाळून, तिने मुलीला तपासणीसाठी वाशीमला नेले होते. दुसरा मार्ग नव्हता. त्या रात्री वैजयंतीच्या नडग्या दुखू लागल्या आणि चार दिवस ती पाय पोटाशी घेऊन ओरडत होती. यंदा उपचारांसाठी दर महिन्याला अकोल्याला जायचे होते. संघपाल आता संभाजीनगरच्या कंपनीत होता, महिन्यातून एकदा घरी यायचा. पौर्णिमा उन्हाळ्यात गाडी चालवायला शिकली होती. थंडी सुरू झाली होती.

"चला राजूभाऊ," ती म्हणाली. "वैजू, ऊठ."

"म्याडम, अजून उघडून तं पाहू द्या."

"इथेच खोटं सांगितलं, तर बाकीचं कशावरून खरं धरायचं?"

तेवढ्यात घरातून आवाज आला. म्हातारा पण मोठा, सवयीचा.

"वाशीम! वाशीम, वाशीम, वाशीम! बसा, बसा, निघालीच!"

दारातून एक खाकी सदऱ्यातले गृहस्थ बाहेर आले. डावा हात लोंबत होता, उजवा भिंतीला धरून. फाटकाशी उभ्या माणसांना पाहून त्यांचा चेहरा उजळला. ते गाडीपर्यंत आले, दार उघडून स्टिअरिंगमागे बसले आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात काहीतरी शोधू लागले.

दुर्गाबाई पायरीवरच खाली बसल्या.

"रोज चालू करून देतो मी बाई," त्या म्हणाल्या. "आजबी देली. तुमी नाही म्हणल्या म्हणून मी चाबी डब्यात लपवली. तं त्याईनं पाणीबी घेतलं नाही तोंडात."

"कोण हे?"

"आमचे मालक. ग्यानबा. तीस वर्ष काळीपिवळी चालवली वाशीमची. पोरानं ही गाडी घेऊन देली, म्हणे बाबा आता सोताची चालवा. चालवली नऊ वर्ष, गावापुरती. मंग झटका आला अन् डोक्यातलं सारं गेलं. नंबर तेवढा ध्यानात राह्यला. आठ वाजले का पहिला नंबर लावाचा. भरल्याबिगर गाडी सोडाची नाही, असं होतं ना त्या धंद्यात. तं बसतात. घंटाभर हाका मारतात. मी मागं बसतो. दोन वर्ष झाले. सवारी भरत नाही, मंग म्हणतात आज धंदा नाही, अन् उतरून जेवतात."

"इंजिन सुरू ठेवून?"

"आवाज नसला तं बसत नाहीत."

पौर्णिमाने चाकांकडे पाहिले. चारही चाकांना दगड लावलेले होते. पुढचा एक दगड सरकून फाटकाला टेकला होता आणि फाटकाचा पत्रा तिथे दबला होता.

"गेल्या आठवड्यात त्याईनं गेर टाकला," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी पाणी द्याले आली होती. अजून दोन पावलं पुढं असती तं..." त्यांनी दबलेल्या पत्र्याकडे पाहिले. "म्हणून गाडी इकून राह्यली. पोरगा म्हणे हे काही सांगू नोको, गिऱ्हाईक पळते."

मीटर अंतर मोजते, वेळ मोजत नाही. रोज एक तास, दोन वर्षे. सातशे तास इंजिन फिरले होते आणि आकडा जागचा हलला नव्हता.

"राजूभाऊ, पाहा काय पाहायचं ते."

ग्यानबांनी काचेतून मान बाहेर काढली. "ये पोरी, बस. मधात बस, कडंले वारा लागन. काच वर घे."

वैजयंतीने आईकडे पाहिले. पौर्णिमाने मान हलवली. मुलगी मागे जाऊन मधोमध बसली आणि आधी एक, मग दुसरी काच हँडल फिरवून वर केली. थोड्या वेळाने तिने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. पौर्णिमा ते पाहत उभी राहिली. दिवाळीनंतर घराबाहेर तिने टोपी काढलेली नव्हती.

राजूला अर्धा तास लागला. तो तेलाने काळी झालेली बोटे चिंधीला पुसत आला.

"पाहा म्याडम, मीटर खरं हाये, पण इंजिन तेवढं नवं नाही. कार्बन धरला. टायर उभ्याउभ्या तडकले, ते बदलाच लागन. ब्रेक लागतात. बंद पडून राह्यली असती तं म्या म्हणलं असतं सोडून द्या. ही धावली नाही, पण निजलीबी नाही."

"अकोला?"

"टायर बदलून, इंजिन साफ करून जाईन. रिसोडले ग्यारेजपरेंत आज हळू हळू जाते. मी मांगून मोटरसायकलनं येतो."

दुर्गाबाईंच्या शेजारी पायरीवर बसून पौर्णिमाने निवलेला चहा संपवला.

"घेते मी."

दुर्गाबाईंनी मुलाने सह्या करून ठेवलेले कागद आणून दिले. परवा तो वाशीमच्या आरटीओत येणार होता. कागद देऊन त्या तिथेच घुटमळल्या.

"एक काम करा बाई. लपूनछपून नोका नेऊ. याच्या आधी एक झण आला, तं याईले खोलीत बसवून गाडी दाखवली. आवाज आयकून दार फोडाले लागले. तुमी त्याईच्या समोरून न्या. भरून न्या."

मग त्या गाडीशी गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "उतरा, तुमचा नंबर झाला. या गाडीवर आता या बाई हायेत."

ग्यानबांनी पौर्णिमाला खालपासून वरपर्यंत पाहिले. "लायसन हाये?"

तिने पर्समधून काढून दिले. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचले, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला.

"नवं हाये," ते म्हणाले. "सवारी सांभाळजो."

ते उतरले. पौर्णिमा स्टिअरिंगमागे बसली. राजू पुढे बसला. ग्यानबांनी वाकून आत बोट फिरवले. "मांगं दोन पाहिजेत."

शेजारच्या लिलाबाई भिंतीवरून केव्हापासून पाहत होत्या. त्यांनी सुनेला या ओसरीवर बसून ग्यानबांवर लक्ष ठेवायला सांगितले आणि हसत आल्या. "मले कुठी जाचं नाही मामा, पण बसतो. फुकट नेसान का?"

"फुकट कोणी नेत नाही," ग्यानबा म्हणाले. "अजून एक."

अंगणात आणखी कोणी नव्हते. दुर्गाबाईंनी चारही चाकांचे दगड काढून भिंतीशी रचले, फाटक उघडले, हात झटकले आणि गाडीचे मागचे दार उघडले.

"आत सरका बाई," ग्यानबा त्यांना म्हणाले. "पोरीले दाटू नोका." त्यांनी दार लावले, लागले की नाही ते ओढून पाहिले, आणि उजव्या हाताने गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली.

"जाऊ द्या!"

पौर्णिमाने गाडी काढली. आरशात ते काही वेळ दिसले, मग खाली मान घालून ओसरीकडे वळले.

वळणाच्या पुढे, घर दिसेनासे झाल्यावर, तिने गाडी कडेला घेतली. राजूला मोटरसायकल आणायची होती. तो आणि लिलाबाई उतरले आणि बोलत बोलत मागे चालू लागले. दुर्गाबाई दाराच्या मुठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

"उद्या सकाळी काय कराल मावशी?"

"म्हणतीन, गाडी कुठी गेली. मी म्हणीन, भरून गेली."

"आणि परवा?"

दुर्गाबाई बाहेर, तुरीच्या वावराकडे पाहत होत्या. वैजयंती त्यांना जागा व्हावी म्हणून थोडी सरकली. इंजिन चालूच होते. पौर्णिमाने ते बंद केले नाही.

"दोन वर्ष बसली मी मांगं," दुर्गाबाई म्हणाल्या. "समोर ते फाटक."

मग मुठीवरचा हात काढून त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"ते बाभूळ दिसते ना तिकडं. तिथपरेंत न्या. पायी येतो मी मंग."