हाफटाइमला हात वर

इंद्रनील सरदेशपांडे या माणसाला मी गेली काही वर्षं दर शनिवारी सकाळी साबुदाणा वडे खाऊ घालत आले. हौसेने नाही. तो माझ्या नवऱ्याचा साहेब, आणि साहेबाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं एवढं मला कळतं. त्याच वड्यांच्या ताटासमोर बसून मी त्याच्यावर सूड उगवला, आणि आधीच सांगून ठेवते, मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

आम्ही सौदीत, अल-खोबरला राहतो. श्रीपाद पाण्याचे मोठे पंप बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला आहे. आर्या दहावीत. मी घरी, म्हणजे दोघांच्या डब्यांपासून इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, तारखांपर्यंत सगळं माझ्या डोक्यावर. इंद्रनील त्याच कंपनीत विभागप्रमुख. आधी बरीच वर्षं मेलबर्नला होता. तिथून येताना त्याने दोन गोष्टी आणल्या, एक बायको किशोरी आणि दुसरं त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड. तिकडे दुपारी मॅच असते तेव्हा आपल्याकडे सकाळ असते, आणि शनिवारी इथे सुट्टी. मग काय, त्याच्या हाताखालची दोन-तीन मराठी कुटुंबं डोळे चोळत त्याच्या व्हिलात हजर.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा कसला पोरखेळ. अंडाकृती चेंडू, मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. नेम चुकल्याचाही गुण देतात, घ्या! पण मी आत वडे तळत असायची, किशोरी शेजारी चटणी वाटत समजावत असायची, आणि बघता बघता मी त्यात अडकले. बाहेर बसलेल्या पुरुषांना साहेबाने टाळी वाजवली की वाजवायची एवढंच कळायचं. मला मात्र कोणाचा गुडघा दुखावलाय इथपर्यंत ठाऊक असायचं.

इंद्रनीलचा क्लब नॉर्थ मेलबर्न. निळे-पांढरे पट्टे. हा क्लब दुसऱ्या गावाला हलवा अशी बोलणी तिकडे अधूनमधून निघतात. एकदा तर गोल्ड कोस्टला न्यायचं घाटत होतं आणि क्लबानेच नाही म्हटलं. तेव्हा आपण थंडीवाऱ्यात कसे उभे राहिलो, हे इंद्रनील इतक्यांदा सांगायचा की मलाच सर्दी झाल्यासारखं वाटायचं. साउथ मेलबर्नची टीम उचलून सिडनीला नेली, फिट्झरॉयची ब्रिस्बेनला जोडून टाकली, हे सांगताना त्याचे डोळे खरोखर भरून यायचे. आणि शेवट ठरलेला. "टीम नेतील, नाव नेतील, पण रंग नेऊ द्यायचे नाहीत. रंग लोकांचे असतात." असं म्हणून गळ्यातला निळा-पांढरा मफलर कुरवाळायचा. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि हा एसीत मफलर घालून.

हाफटाइमला त्याचा एक रिवाज होता. टीव्हीचा आवाज बंद करून तो एक प्रश्न टाकायचा, दोन्ही बाजूंनी बोलायचं, आणि मग हात वर करून मतदान. आजवर प्रत्येक मतदान त्याच्या बाजूनेच लागलेलं. साहेबाविरुद्ध हात कोण वर करणार?

तर एका गुरुवारी श्रीपाद घरी आला आणि बूट न काढता सोफ्यावर बसला. मला वाटलं, बरं नाही. त्याने फोन माझ्यासमोर धरला. इंद्रनीलचा मेल. टेस्टिंग विभाग पुढच्या महिन्यापासून किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या नव्या प्लांटला हलणार. म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तांबड्या समुद्रावर. राहायला शेअरिंगच्या खोल्या, फॅमिली क्वार्टर अजून बांधायची आहेत. विभागप्रमुख मात्र खोबरमध्ये राहून देखरेख करणार. मेल इंग्रजीत होता, मी मराठीत सांगते, जखम तीच आहे. "हे स्थलांतर नाही, विस्तार आहे." त्याखाली, "भावना आम्ही समजतो, पण निर्णय संस्थेच्या हिताचा आहे." आणि सगळ्यात शेवटी, "कुटुंबीयांनी याकडे संधी म्हणून पाहावं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आर्याचं दहावीचं वर्ष, तिला गणित शिकवणारा तिचा बाबा, आणि हा माणूस त्याला उचलून वाळवंटापलीकडच्या खोलीत टाकतोय. बरं, रोज शेजारच्या टेबलावर बसतो, तोंडाने सांगायला काय जीभ झडली होती? मी श्रीपादला म्हटलं, जाऊन विचार ना त्याला. श्रीपाद म्हणाला, विचारून काय होणार, डायरेक्टरची सही झाली आहे. श्रीपादचं हे असं आहे. त्याच्या ताटात मीठ जास्त पडलं तरी तो पाणी पिऊन गप्प बसतो. म्हणूनच हलवायच्या यादीत त्याचं नाव पहिलं आलं असणार.

शुक्रवारी दुपारी इंद्रनीलचा फोन आला. मला वाटलं, आता तरी दोन शब्द बोलेल. त्याने वडे जास्त करायला सांगितले. नवे डायरेक्टर डग्लससाहेब पहिल्यांदाच मॅच बघायला येणार होते, ते मूळचे टास्मानियाचे, तेव्हा चटणी जरा कमी तिखट. आणि जाता जाता म्हणाला, "वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. तुम्ही इथेच आहात, फक्त टीम हलतेय."

मी फोन ठेवला आणि किशोरीला बोलावून घेतलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी मेल वाचून दाखवला. पहिल्या दोन वाक्यांना ती नुसती ऐकत होती. तिसरं ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. मेलबर्न सोडताना इंद्रनीलने तिला हेच वाक्य ऐकवलं होतं, म्हणाली. तिची तिथल्या लायब्ररीत नोकरी होती, माणसं होती, मैदानावर ठरलेली जागा होती. त्याने इकडच्या कागदांवर सही केली आणि मग घरी येऊन सांगितलं, संधी म्हणून बघ. तेव्हापासून ती संधी म्हणून बघतेय. इथल्या व्हिलाच्या भिंतीकडे.

आम्ही दोघी बराच वेळ बसलो. रडलो नाही, उगाच कोणी तसं समजू नका. शेवटी किशोरी म्हणाली, "अलका, तू फक्त त्याला तापव. तापला की तो खरं बोलतो."

शनिवारी मी वडे केले आणि चटणी नेहमीपेक्षा तिखट केली. डग्लससाहेब उंच, पांढऱ्या केसांचा, शांत माणूस. बशी हातात घेऊन बसला, चटणी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागितली. तिथेच मला तो बरा वाटला. इंद्रनील त्याच्याभोवती नुसता नाचत होता. हाफटाइम झाला, आवाज बंद झाला, आणि पाहुण्याच्या मानाचा म्हणून इंद्रनीलने प्रश्न टाकला. टास्मानियाला आता स्वतःची नवी टीम मिळतेय. ती नवी काढणं योग्य, की मेलबर्नमधली एखादी जुनी तिकडे हलवायला हवी होती? हलवायच्या बाजूने कोण बोलणार?

मी पदर खोचला आणि म्हटलं, मी. खोलीत सगळे हसले. श्रीपाद हसला नाही. माझं इंग्रजी घरगुती आहे, पण भांडायला पुरतं.

मी म्हटलं, हलवायला हवी होती, आणि हलवायची तर नॉर्थ मेलबर्नच. एका शहरात एवढे क्लब हवेत कशाला? आणि याला स्थलांतर म्हणून रडायचं कारण नाही, हा विस्तार आहे.

इंद्रनील हसत म्हणाला, वहिनी, विस्तार म्हणजे नवं घर बांधणं. दुसऱ्याचं घर उचलून नेण्याला विस्तार म्हणणारे लोक लबाड असतात.

मी म्हटलं, भावना आम्ही समजतो, पण निर्णय संस्थेच्या हिताचा असतो.

आता त्याचं हसू गेलं. संस्था म्हणजे कोण, त्याने विचारलं. टेबलाभोवती बसलेले चार जण? आयुष्य ज्यांनी त्या क्लबात घातलं त्यांना विचारायचं नाही, आणि त्यांना कळणार कधी, तर सगळं ठरल्यावर? त्याचा आवाज चढत होता, मफलर एका बाजूला घसरला होता. डग्लससाहेबाने वडा अर्धाच खाऊन बशी खाली ठेवली. तो माझ्याकडे बघत होता. किशोरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "कुटुंबीयांनी याकडे संधी म्हणून पाहावं."

"संधी?" इंद्रनील उठूनच उभा राहिला. "संधी कोणाची? असे निर्णय घेणाऱ्यांनी आधी स्वतःचं बिऱ्हाड उचलून तिकडे जाऊन राहावं. मग दुसऱ्यांना सांगावं. स्वतः खुर्ची न सोडता लोकांना हलवणारा माणूस भित्रा असतो."

टीव्हीवर मुक्या जाहिराती चालल्या होत्या. डग्लससाहेब सावकाश म्हणाला की ही तिन्ही वाक्यं त्याने याच आठवड्यात कुठेतरी वाचली आहेत, आणि त्याखाली सहीसुद्धा केली आहे. मग मला विचारलं, ती कोणाची?

"ह्यांचीच," मी इंद्रनीलकडे बोट दाखवत म्हटलं. "मी एक शब्दही बदललेला नाही."

इंद्रनीलचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मी अजून कधी कधी भांडी घासताना आठवते आणि माझं काम हलकं होतं. तो काहीतरी बोलू लागला, ऑफिसची गोष्ट वेगळी, खेळाची वेगळी. तेवढ्यात दारातून किशोरी म्हणाली, "मतदान राहिलं. निर्णय घेणाऱ्याने आधी स्वतः जावं, हे ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा." आणि पहिला हात तिने वर केला. मग मी. मग, माझा विश्वास बसेना, माझा नवरा. त्याच्यामागे बाकीचे एकेक करून. शेवटी डग्लससाहेबाने टेबलावरचा हात उचलला, चटणीने बरबटलेला.

नवऱ्याची बदली त्यामुळे रद्द होईल अशी माझी आशा होती, ती खोटी ठरली. डग्लससाहेब स्पष्ट म्हणाला, प्लांटला माणसं लागणार, विभाग जाणारच. आर्याच्या परीक्षेआधीचे दोन महिने श्रीपाद परत खोबरला येऊन राहील, एवढं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. पण विभागप्रमुख सगळ्यांत आधी जाईल आणि सगळ्यांत शेवटी परत येईल. इंद्रनीलच्या तोंडून त्यानेच तसं ऐकलं होतं ना. खलास.

पुढच्या महिन्यात इंद्रनील गेला. गडबडीत निघाला आणि मफलर राहिला. श्रीपाद त्याच्यामागून आठवड्याने जायचा होता, आणि खोली कोणाबरोबर मिळाली, तर इंद्रनीलबरोबर. श्रीपाद माझ्यावर चिडला. मी सूड घेतला आणि साहेब त्याच्या शेजारच्या पलंगावर येऊन पडला, आता रोज घोरणं ऐकायचं त्याने, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बॅगेत मी कापसाचे बोळे ठेवले.

तो निघणार त्या शनिवारी किशोरी सकाळीच आमच्याकडे आली. टीव्ही लावला, नॉर्थची मॅच होती. मी कढई ठेवली. बैठकीच्या खोलीत श्रीपादची उघडी बॅग, आर्या त्याच्या शर्टांवर बसून सांगतेय, बाबा, डोंट गो. मी वडे तळत राहिले. खरं सांगते, तेव्हा इंद्रनील समोर असता तर पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं असतं.

हाफटाइमला त्याचा फोन आला. किशोरीने स्पीकर लावला. तिकडे नेट नीट चालत नव्हतं, स्कोअर काय विचारत होता. ती म्हणाली, पुढे आहोत. मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. म्हणाला, इथे शनिवारी फार एकटं वाटतं, श्रीपादबरोबर माझा मफलर पाठव.

किशोरीने पर्समधून मफलर काढला. मला वाटलं, देतेय. श्रीपादनेही बॅगेत जागा केली. तिने तो शांतपणे स्वतःच्या गळ्यात गुंडाळला.

"टीम गेली, इंद्रनील," ती म्हणाली. "रंग इथेच राहतील. तूच म्हणायचास."

"किशोरी, तो माझा आहे."

"क्लबाची मेंबर मी होते. तुला पहिल्यांदा मैदानावर मी नेलं होतं. मेंबरशिप माझ्या नावावर होती. मेलबर्न सोडताना ती बंद करायला लावलीस, तेव्हा मला विचारलं होतंस?"

पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग किशोरीनेच फोन बंद केला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मी तिच्यासमोर वड्यांची ताटली ठेवली, तिखट चटणीसकट. तिने एक वडा उचलला आणि पडद्याकडे बघत खायला लागली.

श्रीपादने बॅगेची चेन लावली. बिचारा त्याच खोलीत जाणार होता. मला हळूच म्हणाला, "तो मला विचारेल गं, मफलर का नाही आणला. काय सांगू त्याला?"

"सांग," मी म्हटलं, "विस्तार झालाय."